‘कळलं का?’ असं विचारायचं नाही

मी कपडे शिवते, बायकांचेही आणि पुरुषांचेही. माझा एक नियम आहे. गिऱ्हाइकाला "नीट बसलं का?" असं कधी विचारायचं नाही. विचारलं की माणूस "हो, छान" म्हणतो. भिडेखातर म्हणतो, घाईत असतो म्हणून म्हणतो, नाहीतर माझ्या तोंडाकडे बघून घाबरून म्हणतो. मग घरी जाऊन हात वर करतो आणि बगलेत टर्रकन उसवतं. म्हणून मी विचारतच नाही. मी म्हणते, "तो वरच्या फळीवरचा डबा जरा काढून द्या बरं." डब्यात काही नसतं. पण हात वर जातो आणि कुठे ओढतंय ते मला दिसतं.

एवढी अक्कल असलेली मी तीन वर्षं एका लांबलचक टेबलाशी बसून नुसती मान डोलावत होते. सांगायला लाज वाटते, पण सांगतेच.

इथल्या मोठ्या हॉस्पिटलचे अॅप्रन माझ्याकडेच शिवून होतात. तिथले सगळ्यात वरचे डॉक्टर एकदा कोटाचं माप द्यायला आले होते. मी टाचण्या लावत होते आणि ते आरशात बघून म्हणाले, "आमच्याकडे नवीन औषधांवर संशोधन चालतं. माणसांवर काही करून बघायच्या आधी आमची एक समिती सगळे कागद तपासते. नियमानं त्या समितीत एक साधा माणूस लागतो. याल का?"

"साधा म्हणजे?"

"म्हणजे डॉक्टर नाही, वकील नाही. ज्याला यातलं काही कळत नाही असा."

माझ्या हातात टाचणी आहे हे ते बहुतेक विसरले होते. पण मनातून मी अशी काही खूश झाले की काय सांगू! हॉस्पिटलच्या समितीत मी! दुसऱ्याच दिवशी स्वतःसाठी नवा ड्रेस कापायला घेतला.

पहिल्या बैठकीत बावीस पानांचं संमतीपत्रक समोर आलं. संमतीपत्रक म्हणजे, संशोधनात भाग घेणाऱ्या माणसानं वाचायचं, समजून घ्यायचं आणि मग पटलं तर सही करायची, असा कागद. मी तिसऱ्याच पानावर अडले. भाबडेपणानं विचारलं, "याचा अर्थ काय हो?" झालं! टेबलावरच्या सगळ्यांनी माझ्याकडे वळून असं काही गोड आवाजात समजावून सांगितलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लहान मुलाला औषध पाजताना काढतात ना, तस्सा आवाज. मी कानाला खडा लावला. पुन्हा म्हणून विचारलं नाही.

पुढे पुढे शब्द कानावरून जाऊन जाऊन पाठ झाले. ‘यादृच्छिक वर्गीकरण’ मी न अडखळता म्हणायला लागले. बैठक संपत आली की मोठे डॉक्टर, म्हणजे आमचे अध्यक्ष, माझ्याकडे वळायचे. "काय टेलरबाई, कळलं का?" मी म्हणायचे, "कळलं." की लगेच नोंदवहीत ओळ पडायची, ‘सामान्य सदस्यास मजकूर समजला.’ कागद पास. मग चहा.

मला खरंच वाटायचं की मला कळलंय.

मग ताईचं प्रकरण झालं. ताई माझी थोरली बहीण. छत्तीस वर्षं शाळेत शिपाई होती आणि त्या शाळेत मुख्याध्यापकांपेक्षा तिचा दरारा जास्त. "आज घंटा पाच मिनिटं लवकर द्या," असं ते तोंडी म्हणाले तर ही म्हणायची, "लेखी द्या." लेखी आल्याशिवाय तिनं घंटेला हात लावला नाही. आता निवृत्त झालीय, एकटी असते आणि गुडघ्यांनी बेजार आहे. एकुलती एक मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी, बसनं आठ तासांवर. तिला नववा महिना लागलेला. पहिलटकरीण. सासू नाही, जाऊ नाही, नवरा भला माणूस पण कुकर उघडता येत नाही त्याला.

ताई दुकानात आली ती जिना चढून धापा टाकत. मी तिच्यासाठी प्रवासाला दोन सैल कुडते शिवून ठेवले होते.

"हे घे. कधी निघतेस?"

"नाही निघत."

"म्हणजे?"

"जमायचं नाही. सही केलीय मी." आणि तिनं पिशवीतून बावीस पानांचा गठ्ठा काढून माझ्या मशीनवर ठेवला. "गुडघ्यांच्या डॉक्टरांकडे ते नवीन सुईचं चाललंय ना, त्यात नाव घातलं. दर पंधरा दिवसांनी जायचं. सहा महिने कुठे हलता येत नाही."

मी गठ्ठा उचलून बघितला. हा कागद मी वाचला होता. मीच ‘कळलं’ म्हणाले होते.

"अगं ताई, असं नसतं! कधीही सोडता येतं. लिहिलंय यात."

"कुठे?"

मी पानं उलटायला लागले. उलटतेय, उलटतेय. चौदाव्या पानावर सापडलं एकदाचं. ‘सहभागी व्यक्तीस आपली संमती कोणत्याही टप्प्यावर कारण न देता मागे घेण्याचा अधिकार अबाधित राहील, तथापि संशोधन आराखड्यातील पाठपुरावा भेटी पूर्ण करणे अपेक्षित राहील.’

ताईनं बोट ठेवून वाचलं. मग बोट ‘तथापि’वर नेलं आणि तिथून पुढे सरकवत सरकवत शेवटच्या शब्दावर आणून ठोकलं. "पूर्ण करणे अपेक्षित. बघ. मला वाचता येतं."

मी ती ओळ पुन्हा वाचली. ती म्हणते तेच लिहिलेलं होतं.

"लेकीला काय सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगितलं, नाही येत म्हणून." ती कुडत्याची बाही उगाच उलटी सुलटी करत बसली. "ती ‘बरं’ म्हणाली. नुसतं ‘बरं’. भांडली असती तर बरं वाटलं असतं मला."

मी तडक हॉस्पिटलात गेले आणि गुडघ्यांच्या डॉक्टरांना गाठलं. तरुण आहेत, मनानं चांगले आहेत, घाईत मात्र नेहमीच. ते म्हणाले, "अहो, खुशाल जाऊ दे त्यांना! आम्ही काय बांधून ठेवलंय?" आणि माझ्यासमोरच ताईला फोन लावला. मला वाटलं, सुटले.

संध्याकाळी ताई पुन्हा हजर. नाकाचा शेंडा लाल.

"तू डॉक्टरांना भेटलीस."

"भेटले."

"तू त्यांच्या समितीत आहेस म्हणून मला सूट मिळाली. माझ्या शेजारच्या खुर्चीवर ती भाजीवाली असते, तिला देतील का सूट? तिच्या भावाचं लग्न तिनं बुडवलं परवा, याच सुईपायी. मला वशिल्यानं नको. सगळ्यांच्या कागदात लिहून दे, मग जाते."

"अगं, बाळंतपण तोंडावर आलंय!"

"मग लवकर लिही."

अस्सा राग आला म्हणून सांगू तिचा! आणि त्याहून जास्त स्वतःचा. कारण तिचं एक अक्षरही चूक नव्हतं. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर. तीन वर्षांत असे किती कागद माझ्या ‘कळलं’वर पास झाले असतील? आणि किती जणांनी लग्नं बुडवली असतील?

गुरुवारी बैठक होती. मी बसायच्या आधीच उभी राहून बोलले. "पहिली गोष्ट, गुडघ्यांच्या संशोधनात माझी सख्खी बहीण आहे, म्हणून मत द्यायच्या वेळी मला बाहेर बसवा. दुसरी गोष्ट, तीन वर्षांत मला यातला एकही कागद पुरता कळलेला नाही. मी खोटं बोलत होते."

नोंदी लिहिणाऱ्याचं पेन हवेत तसंच राहिलं.

अध्यक्ष म्हणाले, "पण आम्ही दर वेळी विचारत होतो तुम्हाला."

"विचारत होतात हो! ‘कळलं का’ विचारलं की माणूस ‘हो’च म्हणणार. तुम्हीसुद्धा माझ्याकडे ‘बसला, बसला’ म्हणत कोट घेऊन गेलात आणि आठवड्यानं खांद्यात सैल करायला परत आलात. डबा काढून घ्यायला विसरले मी त्या दिवशी."

डब्याचं कुणाला काही कळलं नाही, म्हणून करूनच दाखवलं. बावीस पानं तिघांसमोर ठेवली. एक अध्यक्ष, एक त्या दिवशी बैठकीला आलेले गुडघ्यांचे डॉक्टर आणि एक समितीतल्या आमच्या वकीलबाई. वकीलबाई म्हणजे धारदार बाई, ‘तथापि’ त्यांच्याच लेखणीतला. मी म्हटलं, "समजा, तुम्ही माझी ताई आहात. मुलीच्या बाळंतपणाला महिनाभर जायचंय. जाता येतं की नाही, आणि गेलात तर काय होतं, एवढंच या कागदात बघून सांगा. मी घड्याळ लावते."

अहाहा, काय ती पानांची सळसळ! गुडघ्यांच्या डॉक्टरांनी नवव्या पानावर बोट ठेवून सांगितलं की एक भेट चुकली तरी चालते. अध्यक्षांनी सतराव्या पानावरून सांगितलं की दोन चुकल्या तर नाव काढतात. वकीलबाईंना चौदावं पान सापडलं, त्यांनी ते एकदा वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि म्हणाल्या, "सोडून जाता येतं. पण... भेटींना यायलाही हवं." मग स्वतःच कपाळाला हात लावला. "हे मी लिहिलंय?"

सहा मिनिटं झाली होती. तीन शिकलीसवरलेली माणसं, तीन उत्तरं. आधी अध्यक्षांच्या खांद्याला कंप सुटला, मग सगळं टेबलच हसायला लागलं. पण वकीलबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "हा कागद मी कोर्टात टिकावा म्हणून लिहिला. बाईला कळावा म्हणून नाही." मला त्या बाईचा तिथल्या तिथे आदर वाटायला लागला.

समितीनं आठ दिवस दिले. नवा कागद व्हायचा होता आणि तो आधी सही केलेल्या सगळ्यांना पुन्हा वाचायला द्यायचा होता. डॉक्टरांनी भाचीची तारीख विचारली. सोळा दिवस राहिले होते.

मग ते आठ दिवस माझ्या दुकानात जे काही चाललं, ते बघायला तिकीट लावायला हवं होतं! वकीलबाई रोज संध्याकाळी यायच्या, माझ्या काजं करायच्या स्टुलावर बसायच्या आणि एकेका ओळीसाठी भांडायच्या. डॉक्टर मध्येच फोनवरून ओरडायचे, "ते वैद्यकीयदृष्ट्या चूक आहे!" आणि जो कुणी माप द्यायला यायचा, त्याच्या हातात आधी कागद. ‘कळलं का’ असं कुणालाही विचारायचं नाही, ही माझी सक्त ताकीद. काम सांगायचं. "तुमच्या बायकोला फोन करा आणि यात काय लिहिलंय ते सांगा." "दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला तर काय कराल, बोटानं दाखवा."

बेकरीवाले काका ‘सौम्य दुष्परिणाम’ वाचून म्हणाले, "म्हणजे काही होत नाही." डॉक्टरांना विचारलं, नक्की काय होतं? ते म्हणाले, दोन दिवस सूज, जिना चढताना कळ, दहातल्या तिघांना. मग तसंच लिहिलं. काका दचकले. "एवढं होतं? मग नीट विचार करायला हवा." वकीलबाई म्हणाल्या, "तेच तर हवंय!"

निवृत्त मास्तरांनी शुद्धलेखनाच्या सात चुका काढल्या आणि कागदात काय लिहिलंय ते एक अक्षर सांगता आलं नाही. आमच्या इमारतीतली कॉलेजातली पोरगी म्हणाली, "मावशी, औषध की साधं पाणी, हे डॉक्टर चेहरा बघून ठरवणार का?" म्हणून आम्ही लिहिलं, ‘तुम्हाला औषधाची सुई मिळेल की मिठाच्या पाण्याची, हे नाणं उडवून ठरवावं तसं ठरतं. कुणाला काय मिळालं ते सुई देणाऱ्या डॉक्टरांनाही माहीत नसतं.’

आणि त्या चौदाव्या पानासाठी तर दोन संध्याकाळी गेल्या. मी लिहिलेलं डॉक्टरांना पटेना, डॉक्टरांचं मला कळेना. शेवटी वकीलबाईंनी माझ्या बिलाच्या पाठीमागे लिहिलं, ‘तुम्ही हे कधीही सोडू शकता. कारण सांगावं लागत नाही. सोडलंत तरी तुमचे इथले उपचार आधीसारखेच चालू राहतील.’ आणि ते पहिल्या पानावर, सगळ्यात वर घेतलं.

"तथापि?" मी विचारलं.

"तथापि गेला," त्या म्हणाल्या आणि माझा चहा उचलून प्यायल्या.

बावीसची चार पानं झाली. समितीनं पास केली, मी बाहेर बसले होते. आणि भाचीच्या तारखेला पाच दिवस असताना हॉस्पिटलातून ताईला बोलावणं आलं. मीही गेले. मी नातेवाईक, त्यातून समितीतली, त्यामुळे खोलीत बसायची मला मनाई. पण दार अर्धं उघडं होतं, त्याला मी काय करू?

आत डॉक्टर होते आणि सिस्टर होत्या. ताईनं चारही पानं बोट ठेवून वाचली. घाई नाही, काही नाही. मग सिस्टर म्हणाल्या, "आता शेजारणीनं विचारलं, त्या सुईत काय असतं, तर काय सांगाल?"

"सांगेन, ते डॉक्टरांनाही ठाऊक नाही."

डॉक्टर खोकले.

"औषध असेल नाहीतर मिठाचं पाणी. म्हणजे माझ्या दोन सुया झाल्या, त्या पाण्याच्याही असू शकतील?"

"असू शकतील," सिस्टर म्हणाल्या.

"कमाल आहे! मला तर जिना चढताना बरं वाटत होतं!" ताई स्वतःशीच हसली. "आणि तुम्ही पुढे विचाराल की मध्येच सोडायचं असलं तर काय. तर ‘सोडते’ म्हणायचं. झालं. उपचार थांबत नाहीत." मग तिनं पानं नीट जुळवली. "हा कागद भाजीवालीलाही मिळाला?"

"सगळ्यांना. एकशे वीस जणांना."

"तुमच्या समितीतल्या टेलरबाईंच्या बहिणीला म्हणून वेगळा नाही ना?"

"नाही हो."

"मग मी सोडते."

पण डॉक्टरांच्या तोंडून सवयीनं निघूनच गेलं, "का हो? काही त्रास झाला का?"

ताईनं पहिलं पान वळवून त्यांच्यासमोर ठेवलं आणि ‘कारण सांगावं लागत नाही’ या दुसऱ्या ओळीवर बोट टेकवलं. शाळेच्या दारात उभी राहून उशिरा आलेल्या पोरांना घड्याळ दाखवायची, अगदी तश्शी. डॉक्टरांनी ओळ वाचली. कान लाल झाले त्यांचे. "चुकलो," ते म्हणाले. "जायच्या आधी गुडघा एकदा तपासू का? सुया झाल्यात म्हणून. नाही म्हणालात तरी चालेल." ताईनं गुडघा तपासू दिला.

बाहेर आली तेव्हा ती ताठ होती. माझ्याकडे न बघताच लिफ्टकडे निघाली. मी म्हटलं, रागावलीय की काय अजून? पण लिफ्टमध्ये शिरलो आणि लिफ्टवाल्यानं सवयीनं विचारलं, "कुठला मजला?" ताई म्हणाली, "तळमजला. माझ्या मुलीचं पहिलं बाळंतपण आहे, आज संध्याकाळच्या बसनं निघाले." लिफ्टवाला खूश. खाली औषधांच्या खिडकीवरच्या मुलीला सांगितलं. बाकावर बसलेल्या भाजीवालीला सांगितलं, तिचे दोन्ही हात हातात घेऊन सांगितलं, आणि वर म्हणाली, "पहिलं पान नीट वाच हो तू." पहारेकऱ्याला सांगितलं. पाण्याचा जार वाहणाऱ्याला थांबवून सांगितलं, त्या बिचाऱ्याच्या खांद्यावर जार तसाच. नऊ माणसं मी मोजली. मी मागून हसतेय आणि डोळे पुसतेय, दोन्ही एकदमच.

फाटकापाशी पोचलो आणि ती एकदम थबकली. "अगं बाई!"

"काय राहिलं? पिशवी?"

उत्तर न देता ती माघारी फिरली. लिफ्ट वर गेलेली होती, तर सरळ जिन्यानंच निघाली. तेच गुडघे! मी मागे धावले. पहिल्या मजल्यावर तिनं ते अर्धं दार पूर्ण उघडलं. डॉक्टर आता दुसऱ्या कुणाला तरी चार पानं देत होते.

"डॉक्टर," ती धापा टाकत म्हणाली, "माझ्या मुलीचं बाळंतपण आहे. तुम्ही विचारलंत म्हणून नाही सांगत हं. मला सांगावंसं वाटलं म्हणून सांगतेय."